बैल सोडलेली गाडी

बैल सोडलेली भरली गाडी हातांनी मागे सारून गोठ्याशी लावण्याचा प्रसंग ज्यांच्यावर कधी आला असेल, त्यांच्यापुढे आजच्या विषयाची फारशी प्रस्तावना करावी लागणार नाही. एकाने जू उचलून धरायचे, दोघांनी चाकांच्या आऱ्यांना हात घालायचा, एखाद्या पोराच्या हातात दगड देऊन त्याला चाकामागे उभे करायचे, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाने ओट्यावरून ‘जरा डावीकडे, जरा डावीकडे’ असे ओरडत राहायचे. जमीन ओली असली किंवा गोठ्याकडे चढ असला, की एवढा गोतावळा जमूनही गाडी जागची हलत नाही. इंग्लंडात, जर्मनीत, हॉलंडात सुट्टीच्या दिवसांत हजारो कुटुंबांपुढे नेमका हाच प्रश्न उभा असतो. त्यांच्या गाडीला बैलांऐवजी मोटार जुंपलेली असते, एवढाच काय तो फरक. ह्या प्रश्नावर तिकडे जे यंत्र निघाले आहे, ते चालते कसे आणि ते चालवणाऱ्याने काय सांभाळायचे असते, हे मी आज सांगणार आहे. जन्मभर मी विद्यार्थ्यांना यंत्रशास्त्र शिकवले. परंतु हे यंत्र मात्र मी उतारवयात, डर्बीला भाच्याच्या अंगणात, आणि थोडी किंमत मोजून शिकलो. ती किंमत कोणती, ते पुढे येईलच.

‘कॅरव्हान’ हा शब्द मूळचा फारसी. वाळवंटातून उंट घेऊन एकत्र निघालेल्या प्रवाशांच्या तांड्याला कारवान म्हणत. इंग्रजांनी तो शब्द उचलला. कालांतराने तो तांड्यावरून झाकलेल्या गाडीवर आला, आणि पुढे त्याचेच डोके उडवून नुसते ‘व्हॅन’ एवढे शेपूट वापरात राहिले. आज ब्रिटनमध्ये कॅरव्हान म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायची, चाकांवरची एक खोली. आत बिछाने असतात, चूल असते, मोरी असते, पाण्याची टाकी असते. नसते ते फक्त इंजिन. हौसेखातर असे घर घेऊन हिंडण्याची चाल डॉ. गॉर्डन स्टेबल्स ह्या गृहस्थाने पाडली, असे मानतात. आरमारात वैद्य म्हणून राहिलेल्या ह्या लेखकाने १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची गाडी ब्रिस्टलच्या कारखान्यात बांधवून घेतली, तिला दोन घोडे जुंपले आणि दक्षिण इंग्लंडातून निघून थेट स्कॉटलंडातले इन्व्हर्नेस गाठले. बरोबर गाडीवान, नोकर, कुत्रा आणि पोपट असा लवाजमा होता. १९०७ साली अशा हौशी लोकांचा कॅरव्हान क्लब निघाला. मोटारीमागे ओढायच्या कॅरव्हान कारखान्यातून विक्रीसाठी बाहेर पडू लागल्या त्या १९१९ पासून, बर्मिंगहॅमच्या एक्ल्स कंपनीकडून. जर्मनीत १९३१ साली आरिस्ट डेथलेफ्स ह्याने पहिली अशी गाडी बांधली. त्याच्या घराण्याचा धंदा चाबूक तयार करण्याचा! घोड्यांना हाकण्याचे साधन विकणाऱ्या माणसाने बिनघोड्याचे घर बांधावे, ह्यात काळाची थट्टा दिसते खरी.

स्टेबल्सच्या गाडीला आणि आजच्या कॅरव्हानला वेगळे करणारी गोष्ट आपण नीट पाहिली पाहिजे. घोड्याला मागे सारता येते, आडवे पाऊल टाकायला लावता येते, आणि तो स्वतःही बघून पाऊल टाकतो. मोटारीला डोळे नाहीत. कॅरव्हान जोडून पुढे जाणे सवयीने जमते. पण तीच जोडी मागे नेताना भल्याभल्यांना घाम फुटतो. मागच्या गाडीचे शेपूट डावीकडे न्यायचे असेल, तर आरंभी सुकाणूचक्र उजवीकडे फिरवावे लागते. जरा जास्त फिरले, की मोटार आणि कॅरव्हान ह्यांच्यामधला कोन अडकित्त्यासारखा मिटत जातो आणि दोहोंचे कोपरे एकमेकांना भिडतात. त्यातच इंग्लंडातली घरे एकमेकांना चिकटून, अंगणे अरुंद, रस्ते त्याहून अरुंद. तेव्हा लोक शहाणपणाने मोटार सोडतात आणि कॅरव्हान हातांनी ढकलू पाहतात.

आता हिशेब करू. मध्यम आकाराची कॅरव्हान सामानासह १४०० किलोच्या आसपास भरते. सपाट व कठीण जमिनीवर तिला हलती ठेवायला वजनाच्या शंभरातले दोन-तीन भाग, म्हणजे ३० ते ४० किलोंचा जोर पुरतो. दोन धडधाकट माणसांना हे जमते. पावसाने भिजलेल्या गवतात चाके रुतली, की हाच जोर शंभराच्या पुढे जातो. आणि दहा फुटांत एक फूट असा चढ असला, तर त्या चढापोटीच आणखी १४० किलोंची भर पडते. भाच्याच्या शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ राहत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, हृदयावर शस्त्रक्रिया झालेली. मुले दूर. पती-पत्नी दोघेच, आणि चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात कॅरव्हान घेऊन डोंगरात किंवा समुद्रकाठी जाण्याचा परिपाठ. डॉक्टरांनी ढकलाढकलीची सक्त मनाई केली, तेव्हा त्यांनी कॅरव्हान विकायला काढली होती. ‘हँडलला हात लावायला माणूस बोलवायचा म्हणजे दर मुक्कामाला कुणाची तरी याचना करायची, ते मला नको होते,’ असे ते मला म्हणाले. त्यांची कॅरव्हान विकली गेली नाही, कारण त्यांनी तिला मूव्हर बसवून घेतला. भाच्याने ते पाहिले आणि आपल्या जुन्या कॅरव्हानलाही बसवला.

मूव्हर ही वस्तू दिसायला अगदी सामान्य आहे. कॅरव्हानच्या पोटाखाली, प्रत्येक चाकाशेजारी, चौकटीला घट्ट आवळलेली एकेक विजेची मोटर. तिला दंतचक्रांची पेटी. आणि त्या पेटीतून बाहेर आलेला, मूठभर जाडीचा, अंगावर खाचा पाडलेला धातूचा रोलर. एरवी हा रोलर टायरपासून सुमारे दोन सेंटिमीटर अंतर राखून असतो. काम असेल तेव्हा तो टायरवर दाबून बसवायचा. साध्या प्रकारात हे पान्याने आवळून करतात. महाग प्रकारात एक लहान मोटरच ते करते. रोलर फिरला, की त्याच्या खाचा टायरच्या रबरात रुतून चाकाला उलट दिशेने फिरवतात. म्हणजे यंत्राने गाडीला ढकलले नाही, ओढलेही नाही. चाकालाच हात घातला. आपल्याकडे आऱ्यांना हात घालणारे ते दोघे मी मघाशी सांगितले, त्यांचेच काम हे दोन रोलर करतात.

ही शक्ती येते कुठून, असे कुणी विचारील. कॅरव्हानमध्ये दिव्यांसाठी १२ व्होल्टची बॅटरी असतेच, तिच्यातून. एवढ्याशा बॅटरीने १४०० किलोंचे घर चढावर कसे नेले, ह्याचे मर्म वेगात आहे. मूव्हर सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला नऊ मीटर चालतो. मुंगीला हेवा वाटू नये असा वेग! मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते; दंतचक्रांतून उतरत उतरत रोलरपाशी ते पन्नासाच्या आसपास येतात, आणि वेग जितका उतरला तितका जोर चढतो. चढावर १८० किलोंचा जोर ह्या वेगाने लावायचा, तर शक्ती लागते सुमारे २६५ वॉट. निम्मी घर्षणात गेली असे धरले, तरी सव्वापाचशे ते साडेपाचशे वॉट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. पाऊण घोडासुद्धा नाही! स्टेबल्सचे दोन घोडे आठवा. घाई सोडायची तयारी असेल, तर मनुष्याला फार थोड्या बळावर फार मोठे ओझे हलवता येते. पहारीने धोंडा उलथणाऱ्या आपल्या गवंड्याला हे ठाऊकच असते.

मात्र बॅटरीच्या बाजूने हिशेब तितका सुखाचा नाही. ५३० वॉटला १२ ने भागले, की ४४ अँपिअर येतात. सुरुवातीच्या हिसक्याला किंवा रुतलेल्या चाकाला ह्याच्या दुपटीहूनही अधिक लागतात. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दीड-पावणेदोन तास पुरेल असे दिसते. परंतु शिशाच्या बॅटरीतून एकदम मोठा प्रवाह काढला, की ती तेवढी वीज देत नाही. आणि आठवडाभर दिवे जाळून थकलेली बॅटरी ऐन चढावर माघार घेते. व्होल्ट ठरावीक मर्यादेखाली उतरले, की यंत्र स्वतःच थांबते. निघण्याच्या दिवशी सकाळी बॅटरी भरलेली आहे का, हे पाहणे म्हणजे बैलांना वैरण घालण्यासारखेच आहे.

आता दूरनियंत्रकाकडे वळू. दुरून, तारेवाचून, यंत्राला आज्ञा देण्याची कल्पना नवी नाही. निकोला टेस्ला ह्याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या कुंडात एक छोटी बोट रेडिओलहरींच्या योगाने फिरवून दाखवली होती. मूव्हरची पेटी तळहातात मावते. प्रत्येक बटणाची आज्ञा सांकेतिक स्वरूपात लहरींवरून कॅरव्हानमधल्या ग्राहकयंत्राकडे जाते, आणि ते फक्त आपल्या जोडीच्या पेटीचेच ऐकते. शेजारच्या कॅरव्हानवाल्याने आपले बटण दाबल्याने आपले घर चालू लागत नाही. सगळ्यांत शहाणपणाची योजना ही, की बटण दाबून धरलेले असेतोपर्यंतच चाके फिरतात. बोट उचलले, पेटी हातातून पडली, तिचे सेल संपले, लहर तुटली, ह्यांपैकी काहीही झाले तरी गाडी थांबते. विमनस्क माणसाच्या हातून हे यंत्र आपोआप पुढे जात राहणार नाही, अशी तजवीज केलेली आहे.

दोन्ही रोलर एका दिशेने फिरले, की गाडी सरळ. एक फिरला आणि दुसरा थांबला, की थांबलेल्या चाकाभोवती वळण. एक पुढे व एक मागे, की गाडी जागच्या जागी गरकन नव्हे, परंतु सावकाश, घरातल्या जात्यासारखी फिरते. ही शेवटची करामत एका आसाच्या, म्हणजे दोन चाकांच्या कॅरव्हानलाच शोभते. दोन आसांच्या कॅरव्हानला असे फिरवले, तर टायर जमिनीवर आडवे घासतात. तिला मोठे वळण घेऊनच न्यावे लागते. गाडीच्या नाकाखाली टेकूचे एक छोटे चाक असते, बैल सोडल्यावर जुवाखाली टेकू देतात तसे. ते खाली उतरवलेले व मोकळे फिरणारे हवे. दिशा बदलली, की हे चाक आधी गिरकी घेते आणि नाक एकदम बाजूला झुकते. पायाशी उभ्या माणसाच्या नडगीला ह्याचा अनुभव येतो.

नवशिक्याची पहिली फजिती डाव्या-उजव्याची. पेटीवरचे डावे-उजवे हे गाडीचे डावे-उजवे असते. आपण तिच्यासमोर तोंड करून उभे राहिलो, की आपले डावे ते तिचे उजवे. पहिल्या दिवशी मी भाच्याच्या गुलाबाच्या वाफ्याकडे निश्चयाने चाल करून गेलो. ‘मामा, तुम्ही आत बसला आहात आणि पुढे बघताहात असं समजा,’ असे त्याने सांगितले, तेव्हा कुठे उमज पडली. शक्यतो गाडीच्या बाजूने, तिच्याबरोबर चालावे. मोटार आणि कॅरव्हान ह्यांच्यामध्ये, किंवा भिंत आणि कॅरव्हान ह्यांच्यामध्ये कधी उभे राहू नये.

ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो क्रम. मोटारीशी जोडलेली विजेची तार सोडायची. कित्येक मूव्हर ती जोडलेली असेपर्यंत चालूच होत नाहीत. कोपऱ्यांचे चारही टेकू वर घ्यायचे. हँडब्रेक ओढलेला असतानाच दोन्ही रोलर टायरला भिडवायचे, आणि ते भिडल्याची खात्री डोळ्यांनी करून मगच हँडब्रेक सोडायचा. आता गाडी रोलरांच्या हवाली. काम संपले, की उलट क्रम: आधी हँडब्रेक, मग रोलर मागे. मोटार जोडून रस्त्याला लागण्यापूर्वी रोलर मागे घेतले आहेत ना, हे वाकून पाहायचे. ते टायरला टेकलेले राहिले, तर टायर आणि दंतचक्रे दोन्ही फुकट जातात. महिनोन् महिने गाडी उभी करतानाही रोलर दाबून ठेवू नयेत. टायरला खळगा पडतो. टायरमधली हवा बरोबर हवी, कारण हवा कमी असली तर रोलरची पकड सुटते. चिखल आणि खडे काढून टाकलेले बरे.

मी हा क्रम पाठ म्हणून दाखवू शकत होतो. २०१८ च्या ऑगस्टमधली गोष्ट. रविवारी संध्याकाळी आम्ही डोंगरातून परत आलो. भाच्याचे अंगण रस्त्याकडून घराकडे उतरते. त्याने मूव्हरने कॅरव्हान शेपटीकडून आत आणली आणि गॅरेजच्या भिंतीपासून दोन-अडीच हातांवर उभी केली. तेवढ्यात त्याला आतून हाक आली. ‘मामा, हँडब्रेक तेवढा ओढून ठेवा, मी आलोच,’ असे म्हणून तो गेला. मी दांडी ओढली. हाताला लागली तिथे थांबलो. गाडी स्थिर होती. मग मदतीचा उत्साह म्हणा किंवा शिकलेली विद्या दाखवण्याची हौस म्हणा, मी पाना घेतला आणि एक रोलर मागे घेतला, मग दुसरा. गाडी चालू लागली. १४०० किलो वजन उतारावर सुटते तेव्हा त्याचा आवाज होत नाही, हे मला त्या दिवशी कळले. मी दांडी पकडायला धावलो. पंचाहत्तर किलोंच्या म्हाताऱ्याने काय होणार? भिंतीशी माझ्या नातीची, म्हणजे भाच्याच्या पाच वर्षांच्या मुलीची, बाहुलीची ढकलगाडी होती. ती कॅरव्हानच्या आणि भिंतीच्या मध्ये चिरडली गेली आणि गाडी थांबली. नात अर्ध्या मिनिटापूर्वी पाणी प्यायला आत गेली होती.

हे घडले का, ते मी नंतर शांतपणे तपासले, आणि ते आपणही समजून घेण्यासारखे आहे. मोटारीने ब्रेक लावला, की मागची कॅरव्हान पुढे रेटते; त्या रेट्याने जोडाचा दांडा आत दबतो आणि तो दांडाच कॅरव्हानचे ब्रेक आवळतो. युक्ती नामी आहे. पण मोटार मागे जाऊ लागली, तरी दांडा दबणारच, आणि मग ब्रेक लागून गाडी मागे जाणारच नाही. म्हणून चाकाच्या ड्रममध्ये अशी सोय केलेली असते, की चाक उलटे फिरू लागले की ब्रेक आपोआप सैल पडावा. आता हीच गाडी उतारावरून शेपटीकडे घसरू लागली, तर चाक उलटेच फिरते. त्या बिचाऱ्या ब्रेकला वाटते, धनी गाडी मागे घेतो आहे. तो सैल पडतो. हँडब्रेकची दांडी अगदी शेवटपर्यंत वर ओढलेली असली, तर तिच्यातली स्प्रिंग ही ढिलाई भरून काढते आणि गाडी फार तर वीतभर सरकून थांबते. मी ओढली होती अर्धी. गाडी स्थिर दिसत होती ती माझ्या ब्रेकमुळे नव्हे, रोलरांमुळे. आणि तेच मी माझ्या हातांनी काढून घेतले. बटणावरून बोट उचलले, की मूव्हर उतारावरही गाडी धरून ठेवतो. म्हणूनच ब्रेक नीट लागला आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. चाकामागे लाकडी ठोकळा लावला असता तरी भागले असते. पोराच्या हातात दगड देऊन त्याला चाकामागे उभे करणारे आमचे वडील ह्या बाबतीत माझ्याहून चांगले यंत्रज्ञ होते, फक्त पोराची जागा चुकत होती.

भाचा बाहेर आला. तो काही बोलला नाही. त्याने ढकलगाडीचे तुकडे उचलून बाजूला ठेवले, दोन्ही हातांनी दांडी ओढून सरळ उभी केली आणि चारही बाजूंनी ठोकळे लावले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मूव्हरच्या आणखी दोन मर्यादा सांगून टाकतो. त्याचे स्वतःचे वजन ३० ते ४० किलो असते, आणि प्रत्येक कॅरव्हानला किती ओझे नेता येईल ह्याची कायद्याने मर्यादा असते. तेव्हा तेवढे सामान घरी ठेवावे लागते. दुसरे, फार उंच पायरी किंवा फार ओला चिखल त्याच्या आवाक्यात नाही. रोलर फिरतो, टायर फिरतो, आणि गाडी तिथेच खड्डा करून बसते. अशा वेळी चाकाखाली फळी टाकायची, बटण दाबून धरून भागत नाही. आता काही लोक शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या वापरू लागले आहेत. त्या मोठा प्रवाह सहज देतात, मात्र किंमत पुष्कळ पडते.

मी परत येण्याच्या आदल्या आठवड्यात शेजारचे ते दोघे समुद्रकाठी निघाले. मी कुंपणापाशी उभा राहून पाहत होतो. पेटी बाईंच्या हातात होती. त्यांची नजर अजून चांगली आहे. गृहस्थ काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारून आले, जमीन पाहिली, मांजराला हुसकले, मग ब्रेकच्या दांडीपाशी जाऊन उभे राहिले आणि ‘सोडला’ असे मोठ्याने म्हणाले. बाईंनी ‘सोडला’ असे उलट म्हटले आणि मगच बटण दाबले. मोटारीच्या जोडाच्या गोळ्यावर कॅरव्हानचे नाक बरोबर आणायला त्यांना सात-आठ मिनिटे लागली. शेवटची चार बोटे बाकी असताना त्या थांबल्या, पुन्हा दाबले, पुन्हा थांबल्या. ‘ओढला’, गृहस्थ म्हणाले. ‘ओढला’, बाई म्हणाल्या. मग त्यांनी पाना हातात घेतला.